मोडी मधुमेह: वीस-तीस वर्षांत नेमकं काय बदलतं?

मृद्गंध
एकाच जनुकातल्या बदलामुळे होणारा आणि पिढ्यान्‌पिढ्या घराण्यात उतरणारा मधुमेह म्हणजे मोडी. आईवडिलांपैकी एकाला असेल तर प्रत्येक अपत्यात तो उतरायची शक्यता ५० टक्के. निदान कसं करायचं यावर हल्ली बरंच वाचायला मिळतं, पण निदानानंतरच्या वीस-तीस वर्षांबद्दल फारसं कोणी लिहीत नाही. रिपोर्ट आला की घरच्यांना दोनपैकी एक वाक्य ऐकायला मिळतं: "सौम्य प्रकार आहे, काळजी नको" किंवा "आज ना उद्या इन्सुलिन लागणारच". जनुकाचं नाव न घेता यातलं कुठलंही वाक्य बोलणं चूक आहे, असं माझं ठाम मत आहे.

कोणत्या जनुकात काय बदलतं, किती वेगाने बदलतं, गोळी कधी कमी पडते आणि दरवर्षी काय तपासायचं, हे जाणकारांनी आकड्यांसकट सांगावं.

अवधूत_पी
जीसीकेपासून सुरुवात करतो, कारण "सौम्य" हा शब्द फक्त त्याच्याच बाबतीत खरा आहे.

जीसीके म्हणजे ग्लुकोकायनेज. रक्तातली साखर किती झाली की इन्सुलिन सोडायचं, हे स्वादुपिंडातल्या बीटा पेशी या विकरावरून ठरवतात. त्याची एक प्रत बिघडलेली असली की इन्सुलिन सुटतं, पण वरच्या पातळीला. त्यामुळे उपाशीपोटी साखर जन्मापासूनच १०० ते १४५च्या दरम्यान राहते आणि एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा आकडा) चाळिशीच्या आत ५.६ ते ७.३, पुढे फार तर ७.६. वयानुसार थोडीशी वाढ होते, जशी कोणाचीही होते. ग्लुकोज पाजून चाचणी केली तर दोन तासांची साखर उपाशीपोटीच्या साखरेपेक्षा बहुतेकांत ५४ने सुद्धा वाढत नाही.

२०१४ साली ब्रिटनमधला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यातल्या जीसीकेवाल्यांनी सरासरी ४८ वर्षं ही वाढलेली साखर अंगावर काढली होती. डोळे, मूत्रपिंड, नसा यांचं लक्षणीय नुकसान १ टक्क्यात दिसलं. साखर नसलेल्यांत ते २ टक्के होतं आणि तरुणपणी टाइप २ झालेल्यांत ३६ टक्के. डोळ्याच्या पडद्यावरचे बारीक ठिपके मात्र ३० टक्क्यांत होते, निरोगी लोकांतल्या १४ टक्क्यांपेक्षा जास्त. पण लेझर एकालाही लागलं नव्हतं.

म्हणून गरोदरपण सोडलं तर जीसीकेला औषध नाही. दिलं तरी एचबीए१सी हलत नाही, कारण शरीर साखर पुन्हा आपल्या ठरलेल्या पातळीवर आणून ठेवतं.

शमिका
अवधूत यांचं वाचून कोणी एचएनएफ-१-ए या दुसऱ्या जनुकाचा मोडी असताना निर्धास्त राहू नये, म्हणून लगेच लिहिते.

इथे जन्माच्या वेळी साखर नॉर्मल असते आणि बीटा पेशींची क्षमता वर्षागणिक उतरत जाते. २५व्या वर्षापर्यंत जवळपास ६३ टक्के लोकांना मधुमेह झालेला असतो, ३५पर्यंत ७९ टक्क्यांना आणि ५५पर्यंत ९६ टक्क्यांना. म्हणजे ज्याच्यात जनुक आलंय त्याला मधुमेह होणार हे जवळपास ठरलेलं, प्रश्न फक्त कधी एवढाच.

क्रमही ठरलेला. सगळ्यात आधी लघवीत साखर, कारण मूत्रपिंड साखर परत शोषून घेण्यात कमी पडतं. मग जेवणानंतरची साखर चढते. दोन तासांत ९०ने किंवा त्याहून जास्त. फास्टिंग कितीतरी वर्षं चांगली राहते, आणि नुसतं फास्टिंग तपासून "काही नाही" म्हणून घरी पाठवण्याची चूक इथेच होते. शेवटी फास्टिंगही वाढते.

गुंतागुंत टाइप १ आणि टाइप २ इतकीच होऊ शकते. ती साखर किती वर्षं किती चढी राहिली यावर अवलंबून असते. हृदयविकाराचा धोकाही वाढलेला असतो, आणि तो एचडीएल (चांगलं कोलेस्टेरॉल) भरपूर दिसत असूनसुद्धा. म्हणून लिपिड रिपोर्ट ठीक दिसला तरी चाळिशीला स्टॅटिनचा (कोलेस्टेरॉल उतरवणाऱ्या गोळीचा) विचार करायला सांगतात.

रानवारा
सगळं मान्य, पण व्यवहाराचं बोलू. साखर वाढली की मेटफॉर्मिन, नाही आटोक्यात आली तर आणखी गोळ्या, मग इन्सुलिन. जनुक कुठलंही निघालं तरी पायऱ्या त्याच. मग हजारो रुपयांच्या तपासणीने रुग्णाच्या हातात काय पडतं? खाणं सुधारा, चाला, वजन उतरवा. पुष्कळ आहे.

नीलाक्षी
रानवारा, पायऱ्या त्याच नाहीत. एचएनएफ-१-ए आणि एचएनएफ-४-ए मध्ये पहिली पायरी मेटफॉर्मिन नव्हेच, सल्फोनिलयुरिया आहे: ग्लिक्लाझाइड, ग्लिमेपिराइड वगैरे. २००३ सालच्या चाचणीत एचएनएफ-१-एवाल्यांची फास्टिंग ग्लिक्लाझाइडने मेटफॉर्मिनच्या पाचपट उतरली. कारण सरळ आहे. बिघाड साखरेपासून इन्सुलिनपर्यंतच्या साखळीच्या सुरुवातीच्या कड्यांत असतो आणि ही गोळी त्याच्या पुढच्या कडीवर, बीटा पेशीतल्या पोटॅशियमच्या दारावर, थेट काम करते.

त्यामुळेच नेहमीच्या डोसने माणूस आडवा होतो. सुरुवात नेहमीच्या पाव डोसने: ग्लिक्लाझाइड २० ते ४० मिलिग्रॅम, म्हणजे ४०ची अर्धी किंवा एक गोळी, ग्लिमेपिराइड असेल तर अर्धा मिलिग्रॅम. "एक मिलिग्रॅमलाच साखर ५५वर आली" ही तक्रार या लोकांत नेहमीची. मग गोळी सोसत नाही असं ठरवून ती बंद केली जाते आणि इन्सुलिन सुरू होतं. खरं तर डोस उतरवायला हवा होता.

जीसीकेवाल्याच्या सगळ्या गोळ्या बंद होतात. टाइप १ समजून टोचत राहिलेल्या एचएनएफ-१-एवाल्याचं इन्सुलिन सुटू शकतं. तपासणीने हातात पडतं ते हे.

रानवारा
पाव डोसचा मुद्दा पटला. पण मग आपल्याकडे आजोबा, वडील, मुलगा असे तिघे मधुमेही घरोघर आहेत. सगळ्यांची जनुकं तपासायची का?

चक्रधर
नाही, आणि रानवारा यांची ही शंका अगदी रास्त आहे.

आपल्याकडे टाइप २ मुळातच लवकर होतो आणि घराण्यातही दिसतो. तीन पिढ्या आणि पंचविशीच्या आत निदान हा १९७०च्या दशकातला निकष महाराष्ट्रात लावला तर चाळणीत बहुतेक टाइप २च अडकेल. "बारीक आहे म्हणजे मोडी" हेही इथे चालत नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिकांनी दाखवलंच आहे की आपल्याकडची बाळंसुद्धा वजनाला कमी आणि तरी चरबीला जास्त असतात. एक्सेटर विद्यापीठाचं मोडीची शक्यता काढणारं गणनयंत्र नेटवर आहे, पण ते युरोपीय वंशाच्या रुग्णांवरून बनवलेलं. आपला आकडा त्यात घालून आलेली टक्केवारी जशीच्या तशी धरू नका.

आधी स्वस्त तपासण्या कराव्यात. गॅड, आयए-२ आणि झिंकटी-८ या टाइप १ मध्ये सापडणाऱ्या तीन अँटिबॉडी. एकही पॉझिटिव्ह आली तर मोडीचा विचार जवळपास संपला. मग सी-पेप्टाइड (शरीर स्वतः किती इन्सुलिन बनवतं ते यातून कळतं), तेही खाल्ल्यानंतर, साखर १४४च्या वर असताना. साखर कमी असताना घेतलेलं सी-पेप्टाइड खोटं कमी येतं. इन्सुलिन सुरू होऊन तीन ते पाच वर्षं उलटली आणि तरी ते २०० पिकोमोलच्या वर (आपल्या लॅबच्या भाषेत ०.६ नॅनोग्रॅमच्या वर) असेल, तर टाइप १ च्या निदानावर शंका घ्यायलाच हवी. मान काळवंडलेली, पोट सुटलेलं, ट्रायग्लिसराइड चढलेलं असेल तर पारडं टाइप २कडे झुकतं.

एवढं करून उरतील त्यांचं जनुक तपासा.

पानगळ
चक्रधर यांच्या यादीत हाय-सेन्सिटिव्हिटी सीआरपी (शरीरातला दाह दाखवणारी रक्ततपासणी) घाला. एचएनएफ-१-ए मध्ये तो बहुतेक वेळा ०.५च्याही खाली असतो, कारण यकृतात सीआरपी बनवायला हेच जनुक लागतं. सर्दी-खोकला, दातदुखी चालू असताना मात्र करू नका, आकडा फुगून येतो.

गिरीशिखर
एचबीए१सीवर विसंबण्याआधी हिमोग्लोबिन बघा. लोह कमी असलं की एचबीए१सी उगाच वाढून येतो. विदर्भात आणि नंदुरबार-धुळ्याकडच्या आदिवासी भागात सिकलसेलचे वाहक बरेच. काही यंत्रांवर त्यांचा आकडा चुकतो. जीसीके ओळखायची तर ५.६ ते ७.६ या अरुंद पट्ट्यावर सगळी मदार असते, तिथे एवढा फरक निदान फिरवून टाकतो. शंका असेल तर फ्रुक्टोसामिन (हिमोग्लोबिनवर अवलंबून नसलेली सरासरी साखरेची तपासणी) करा, नाहीतर वर्षभरातले फास्टिंगचे आकडे एकाखाली एक लिहून काढा. जीसीकेचे आकडे वर्षानुवर्षं एकाच पट्ट्यात दिसतात.

मृद्गंध
उत्तम चाललंय. एचएनएफ-४-एचा वरती नुसता उल्लेख झाला. आणि गोळी किती वर्षं पुरते?

शमिका
एचएनएफ-४-एची कहाणी तर या विषयाचा पायाच आहे. प्रशियातून १८६१ मध्ये डेट्रॉइटला येऊन स्थायिक झालेलं एक मोठं कुटुंब होतं. मिशिगन विद्यापीठात स्टीफन फायान्स यांनी १९५८पासून त्याचा पाठपुरावा केला: सहा पिढ्या, ३६०हून जास्त माणसं. मधुमेह झालेलेच नव्हे, तर न झालेलेही वेळोवेळी तपासले. त्यामुळे बीटा पेशींची ताकद वर्षाला साधारण १ ते ४ टक्क्यांनी उतरते, हे त्यांना त्याच माणसांत डोळ्यांसमोर मोजता आलं. जनुक हाती लागलं १९९६ मध्ये. एका घराण्याकडे इतकी दशकं चिकाटीने बघत राहणं किती मोलाचं असतं, ते यातून कळतं.

एचएनएफ-४-ए मध्ये बाळ जन्मतः सरासरी ८०० ग्रॅम जड असतं आणि पहिल्या दिवसांत त्याची साखर घसरू शकते. म्हणजे सुरुवातीला इन्सुलिन जास्त आणि पुढे तेच कमी. ट्रायग्लिसराइड बहुधा कमी. बाकी वाटचाल आणि गोळीला मिळणारा प्रतिसाद एचएनएफ-१-एसारखाच.

गोळी किती पुरते? काहींना दशकानुदशकं. टाइप १ समजून इन्सुलिनवर असलेल्या आणि मग गोळीवर आलेल्या एचएनएफ-१-एवाल्यांचा ब्रिटनमध्ये पाठपुरावा झाला. त्यांच्यातले ७० टक्के तीन वर्षांनंतरही इन्सुलिनशिवाय होते. मधुमेहाला जितकी कमी वर्षं झालेली आणि वजन जितकं आटोक्यात, तितकं जमण्याची शक्यता जास्त.

नीलाक्षी
गोळी कमी पडायला लागली की घाईने ती काढून इन्सुलिन लावतात, तिथे नुकसान होतं. क्रम असा ठेवावा. एचबीए१सी साडेसातच्या पुढे गेला की आधी बघायचं, गोळी रोज आणि जेवणाआधी घेतली जाते का, वजन किती वाढलं, मध्ये स्टेरॉइड झालं का. मग डोस पायरीपायरीने वाढवायचा. त्यानेही भागलं नाही तर गोळी चालू ठेवून जोडीला डीपीपी-४ गटातलं औषध किंवा जीएलपी-१चं इंजेक्शन; नाहीतर रात्री दीर्घ पल्ल्याचं इन्सुलिन थोड्या मात्रेत. जीएलपी-१ने शुगर लो व्हायचा त्रास गोळीपेक्षा कमी होतो, हे एचएनएफ-१-ए मध्ये तपासून झालंय. गोळी पूर्ण काढली तर इन्सुलिनचा डोस एकदम फुगतो.

लघवीवाटे साखर घालवणाऱ्या ग्लिफ्लोझिन गटाबद्दल मात्र जपून. एचएनएफ-१-ए मध्ये लघवीतून साखर आधीच जात असते, आणि शरीरात इन्सुलिन कमी पडायला लागलेल्या माणसात या औषधाने कीटोन (इन्सुलिन कमी पडल्यावर रक्तात साठणारे आम्लधर्मी पदार्थ) वाढू शकतात.

इन्सुलिनवरून गोळीवर येणं ही घरच्या घरी करायची गोष्ट नाही. जनुकाचा पक्का रिपोर्ट, चांगलं सी-पेप्टाइड, घरात कीटोनच्या पट्ट्या आणि फोनवर उपलब्ध असणारे डॉक्टर; हे चारही नसतील तर इन्सुलिनला हात लावू नका.

रानवारा
आणि उपासाचं काय? गोळी घेऊन एकादशी चालते का?

पानगळ
रानवारा, एकादशी अन् दुप्पट खाशी असेल तर साखर चढण्याची चिंता, आणि निर्जळी असेल तर उतरण्याची! :)

साबुदाण्याची खिचडी जवळपास सगळी पिष्टाची. एचएनएफ-१-ए मध्ये चढते ती नेमकी जेवणानंतरची साखर. भगर आणि दाण्याची आमटी त्या मानाने बरी, तीही बेतात. निर्जळी उपासाला सल्फोनिलयुरिया घ्यायची नाही. आदल्या रात्रीच्या डोसबद्दलही डॉक्टरांशी बोलून ठेवावं. ज्यांच्या जेवणाच्या वेळा कायमच पुढेमागे होतात, त्यांना रिपाग्लिनाइड किंवा नॅटेग्लिनाइड सोयीचं. जेवण असेल तर गोळी, नसेल तर नाही.

साखर ७०च्या खाली गेली तर तीन छोटे चमचे साखर पाण्यात विरघळवून प्यायची, १५ मिनिटांनी पुन्हा मोजायची. पेढा-बर्फी नको, त्यातल्या तुपामुळे साखर रक्तात पोचायला उशीर होतो.

केतकीपान
गरोदरपणाबद्दल कोणीच लिहिलं नाही. जीसीके आपल्याकडे बहुतेक वेळा तिथेच पहिल्यांदा पकडीत येतं, आणि "गरोदरपणातला मधुमेह" अशी चिठ्ठी लागून हातातून निसटतंही. वजन बेताचं, फास्टिंग १००च्या वर आणि बाळंतपणानंतरही तशीच राहिली तर जीसीके मनात धरा.

जीसीके असलेल्या आईत सगळं बाळाच्या जनुकावर अवलंबून असतं. बाळात तेच जनुक आलं असेल तर आईची वाढलेली साखर त्याला नॉर्मलच वाटते आणि ते नेहमीच्या वजनाचं जन्मतं. आलं नसेल तर ते जादा इन्सुलिन तयार करतं आणि साधारण ५५० ते ७०० ग्रॅम जास्त भरतं. म्हणून सोनोग्राफीत पोटाचा घेर ७५व्या शतमकाच्या वर जायला लागला तरच इन्सुलिन. उगाच दिलं आणि बाळात जनुक असेल, तर बाळ खुरटतं.

एचएनएफ-४-ए मध्ये गोष्ट वेगळी. ग्लिबेनक्लामाइड ही सल्फोनिलयुरिया गटातली गोळी वार ओलांडून बाळापर्यंत जाते आणि ते बाळ आधीच जड असण्याची शक्यता. म्हणून गरोदर राहण्याआधी किंवा उशिरात उशिरा दुसऱ्या तिमाहीपर्यंत इन्सुलिनवर यायचं, आणि जन्मल्यावर बाळाची साखर निदान ४८ तास मोजत राहायची.

गिरीशिखर
केतकीपान यांना जोडून. एचएनएफ-१-ए आईकडून आलं आणि गरोदरपणात तिची साखर वाढलेली होती, तर मुलाला मधुमेह सरासरी १२ वर्षं आधी होतो. "आमच्याकडे प्रत्येक पिढीत आजार लवकर येतोय" असं घराघरांत म्हणतात, त्याचं एक कारण हे. दुसरं म्हणजे आता तपासण्याच लवकर होतात. जनुकातला बदल कुठे आहे यानेही फरक पडतो. एक्झॉन (जनुकाचे भाग) ८ ते १० मधल्या बदलांत आजार काही वर्षं उशिरा दिसतो.

सांजवेळ
एचएनएफ-१-बीला विसरू नका. तिथे मधुमेह दुय्यम आणि मूत्रपिंड मुख्य. सोनोग्राफीत गाठी, रक्तात मॅग्नेशियम कमी, तरुणपणीच गाउट, यकृताची विकरं थोडी वाढलेली, कधी गर्भाशयाच्या घडणीत दोष. स्वादुपिंडही लहान असतं, म्हणून गोळीला प्रतिसाद कमी आणि इन्सुलिन लवकर. जवळपास निम्म्या रुग्णांत बदल नव्यानेच झालेला असतो, त्यामुळे आईवडील ठणठणीत दिसतात आणि आनुवंशिक म्हणून कोणाच्या ध्यानातच येत नाही.

तपासणी करताना लॅबला ठासून विचारा: जनुकाचा अख्खा तुकडा गळालाय का, हे बघणार का? एचएनएफ-१-बी मध्ये निम्म्या वेळा १७व्या गुणसूत्राचा तुकडाच गायब असतो आणि अक्षरं वाचणाऱ्या साध्या चाचणीत तो दिसत नाही.

अवधूत_पी
सहा महिन्यांच्या आत मधुमेह झालेली बाळंही या धाग्यात यायला हवीत. केसीएनजे-११ जनुकात बदल असलेल्या बाळांना इन्सुलिनवरून ग्लिबेनक्लामाइडवर आणता येतं. २००६च्या अभ्यासात ४९पैकी ४४ जणांचं इन्सुलिन सुटलं. डोस किलोमागे साधारण अर्धा मिलिग्रॅम, मोठ्यांच्या मानाने खूपच जास्त. पुढच्या एका अभ्यासात गोळीवर आलेले ८१ रुग्ण दहा वर्षांनी पाहिले, तर ९३ टक्के फक्त गोळीवरच होते. एचबीए१सी गोळीआधी ८.१, एका वर्षाने ५.९, दहा वर्षांनी ६.४. गोळीचा जोर ओसरेल ही भीती त्यांच्या बाबतीत खरी ठरली नाही. घरात असं मूल असेल तर वय कितीही झालं असो, जनुक तपासून घ्या. चेन्नईची मद्रास डायबेटिस रिसर्च फाउंडेशन ही संस्था आपल्याकडे यावर बरीच वर्षं काम करते आहे.

मृद्गंध
आता माझा शेवटचा प्रश्न राहिला. दरवर्षी काय तपासायचं? आणि मुलांना कधी?

शमिका
जीसीके: वर्षातून एकदा एचबीए१सी. तो ७.६च्या पुढे गेला तर जीसीकेला दोष न देता जोडीला टाइप २ आलाय का बघा. वजन वाढलं की तो यांनाही होतो.

एचएनएफ-१-ए आणि ४-ए: एचबीए१सी तीन ते सहा महिन्यांनी, वर्षातून एकदा बाहुली मोठी करून डोळे, लघवीतलं अल्ब्युमिन-क्रिएटिनिन, पाय, लिपिड, रक्तदाब.

एचएनएफ-१-बी: वरचं सगळं, शिवाय क्रिएटिनिन, मॅग्नेशियम, युरिक ॲसिड.

चक्रधर
मुलांच्या बाबतीत एक नियम पाळा: पहिली जनुक तपासणी मधुमेह असलेल्या मोठ्या माणसाची, निरोगी मुलाची कधीच नाही. जांभळ्या झाकणाच्या नळीत दोन-चार मिली रक्त पुरतं. मोठ्या माणसात बदल पक्का सापडला की बाकीच्या नातलगांत तेवढीच एक जागा वाचायची असते, खर्च बराच कमी येतो. "अर्थ अनिश्चित" असा शेरा आला तर त्यावरून कोणाचंही औषध बदलायचं नाही. आधी घरातल्या मधुमेही आणि निरोगी दोघांतही तो बदल आहे का ते बघायचं.

रिपोर्टवरचं जनुकाचं नाव, बदलाचं पूर्ण लेखन आणि त्यापुढचा ट्रान्सक्रिप्ट क्रमांक (जनुकाचा कोणता संदर्भ-मजकूर धरला ते सांगणारा) यांचा स्पष्ट फोटो सगळ्या भावंडांकडे हवा. नुसतं "मोडी पॉझिटिव्ह" एवढ्यावर दुसरी लॅब काही करू शकत नाही.

मृद्गंध
आणि एचएनएफ-१-एच्या घरातल्या मुलाची जनुक तपासणी आत्ता करायची नसेल तर?

शमिका
दहाव्या वर्षापासून वर्षातून एकदा एचबीए१सी, आणि भरपेट जेवणानंतर दोन तासांनी लघवीची पट्टी. जेवायच्या आधी लघवी करून यायला सांगा, म्हणजे मूत्राशयात आधीची साठलेली राहत नाही. पट्टीवर साखर दिसली तर ग्लुकोज पाजून दोन तासांची चाचणी करायची. नुसत्या फास्टिंगवर थांबायचं नाही.